हरवलेल्यासाठी टाळ्या

दोलोरेस गाव मागे पडलं तेव्हा एल्बानं पुन्हा विचारलं, "ढोल्या, आपण चाललोय कुठे?"

"समुद्रावर."

"अय्या! हे कुणी ठरवलं?"

"तूच."

"हुशार आहे हं मी," असं म्हणून ती खिडकीबाहेरच्या गाईंकडे बघू लागली. त्या रस्त्याला गाई संपतच नाहीत. सपाट माळ, तारेचं कुंपण, गाई. पुन्हा माळ, पुन्हा गाई. दार्दो माफेई जुनी रेनॉ गाडी उजव्या कडेनं शांतपणे हाकत होता आणि मागून येणारी पोरंसोरं भोंगे वाजवत त्याच्या पुढे निघून जात होती.

ढोल्या म्हणावं असं त्याच्या अंगावर काही नव्हतं. माणूस म्हणजे नुसती काठी. लग्नात त्याच्या भाड्यानं आणलेल्या कोटाच्या खांद्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावे लागले होते, आणि ते बोळे नाचताना एकेक करून खाली पडले होते. सगळा मांडव हसला, तेव्हापासून एल्बा त्याला ढोल्या म्हणत आली. आता तिच्या डोक्यातून गल्लीचं नाव गेलं होतं, राष्ट्राध्यक्षाचं तर केव्हाच गेलं होतं, पोटच्या मुलीचंही अधूनमधून जायचं. ढोल्या मात्र टिकून होता.

सोमवारी सकाळी तिला तेम्पेर्लेच्या वृद्धाश्रमात न्यायचं होतं. मुलीनं, रोमिनानं, सगळं बघितलं होतं. अंगण आहे, अंगणात लिंबाचं झाड आहे, सांभाळणाऱ्या बायका प्रेमळ आहेत, खिडकीजवळची खाट मिळाली आहे. दार्दोनं हो म्हटलं होतं. त्यानं एकच अट घातली होती.

"तिला मी सांगेन. आधी दोन दिवस सान बेर्नार्दोला नेतो. तिथे सांगतो."

"पपा, सांगून तिला कळणार आहे का?"

"कळो नाहीतर न कळो. न सांगता माणसाला कुठे सोडून यायचं नसतं."

म्हणून ही सफर. गाडीत बसल्या बसल्या सांगून टाकावं, असं त्यानं घरून निघताना ठरवलं होतं. मग ठरवलं की चास्कोमूसच्या तळ्यापाशी सांगू. तळं आलं आणि गेलं. दोलोरेसला कॉफी घ्यायला थांबले तेव्हा त्यानं सांगायला तोंड उघडलं, त्यात बशीतला अर्धचंद्र पाव घातला आणि मिटलं.

त्याला वाईट वाटत होतं का? हेच तर त्याला कळत नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर हिरडीत सुई टोचतो, आणि मग घरी येताना आपण आपलाच गाल चाचपून बघतो. हाताला गाल लागतो, गालाला हात लागत नाही. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एल्बाच्या आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी दार्दोला असंच काहीतरी झालं. औषध उतरेल म्हणून त्यानं वाट पाहिली. उतरलं नाही. तेव्हापासून तो तिला सकाळी उठवत होता, बुटांच्या नाड्या बांधत होता, केस विंचरत होता, "आज शाळा आहे का रे?" ह्या प्रश्नाला "आज रविवार" असं रोज उत्तर देत होता. घराच्या दाराला त्यानं बालवाडीतली छोटी घंटा टांगली होती, म्हणजे ती बाहेर पडली की वाजेल. सगळं बिनचूक चाललं होतं. फक्त तो त्यात नव्हता.

आयुष्यभर दार्दोनं राजधानीला लागून असलेल्या लानूसमध्ये बस चालवली. आमच्या दक्षिण भागात ज्यांनी त्या काळी बसनं प्रवास केला त्यांना त्याचा आरसा आठवत असेल: कडेनं रंगीत वेलबुट्टी, वर दोन रंगवलेले पक्षी, खाली लोकरीची झालर. त्या आरशात तो रस्ता कमी आणि माणसं जास्त बघायचा. बस सुटल्यावर मागून कुणी धावत आलं की तो थांबायचा. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. "माफेई, अरे बस आहे ती, देऊळ नव्हे, सगळ्यांना दार उघडं ठेवायला!" तो दार उघडं ठेवायचा.

एल्बा त्याला अशीच भेटली. ती मात्र धावत आली नव्हती. ती थांब्यावर उभी होती, बालवाडीचा निळा चौकटीचा अंगरखा घालून, आणि त्या दिवशी रेल्वे फाटकामुळे बसला फार उशीर झाला होता. दार उघडलं. ती पायरीवर चढली, कमरेवर हात ठेवले आणि भरल्या बसमध्ये, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि इतका वेळ कुठे होतात?"

बस हसली. दार्दो लाल झाला. मग ती पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, "असू दे. होतं असं."

"इतका वेळ कुठे होतात?" हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. बालवाडीत ती मदतनीस होती. पोरांना शी-शू करवणं, नाकं पुसणं, डबे उघडून देणं हे तिचं काम. दुपारी न्यायला उशिरा येणाऱ्या प्रत्येक आईला ते वाक्य तिनं ऐकवलं, आणि नंतर प्रत्येकीचा गाल ओढून पापा घेतला. आधी झापायचं, मग पापा. क्रम कधी चुकला नाही. रंगमंचावर अशी एक बाई मिळाली असती तर नाटक कंपन्यांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. पण तिला नाटक-बिटक नको होतं. तिला उन्हाळ्यात फक्त समुद्र हवा असायचा.

आणि समुद्रावर तिच्या टाळ्या प्रसिद्ध होत्या.

आमच्या किनाऱ्यावर पोर हरवलं की कुणी शोधाशोध करत फिरत नाही. ज्याला ते सापडेल त्यानं ते खांद्यावर घ्यायचं आणि टाळ्या वाजवायला लागायचं. शेजारची छत्री टाळ्या वाजवते, तिच्या पलीकडची वाजवते, बघता बघता सगळी वाळू टाळ्या वाजवते. आई-बाप टाळ्यांच्या दिशेनं धावत येतात. तोवर थांबायचं नाही. एल्बाचा हात वाजायला लागला की पाण्यातले लोकसुद्धा वळून बघायचे. पोकळ तळव्याची, खणखणीत, एकसारखी टाळी. आई-बाप धापा टाकत पोचले की ही पुढे: "आणि इतका वेळ कुठे होतात?" मग पापा. मग, "असू दे. होतं असं."

रोमिना चार वर्षांची असताना एकदा हरवली होती, तेव्हा कुणा परक्या बाईनं एल्बाला अस्साच पापा दिला होता. ती परतफेड एल्बा जन्मभर करत राहिली.

सान बेर्नार्दोत पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दरवर्षीचं घर, दरवर्षीची मागची खोली. त्या गावांत दाराला बेल कोण लावतं? फाटकाशी उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. दार्दोच्या हातांत पिशव्या होत्या, म्हणून एल्बानंच वाजवल्या. घरमालकीण एर्मेलिंदा हात पुसत बाहेर आली.

"टाळीवरूनच ओळखलं! आल्या का एल्बाबाई? ह्या खेपेला फक्त दोनच दिवस?"

"दोन दिवस पुरे," दार्दो म्हणाला.

"आणि मग कुठे?" एल्बानं विचारलं.

दार्दोनं पिशव्या खाली ठेवल्या. सांगायची वेळ हीच होती, अगदी तोंडावर येऊन उभी. "मग घरी," तो म्हणाला आणि पिशव्या उचलून आत गेला.

रविवारी वाळूवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. फेब्रुवारीचे, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याचे, शेवटचे दिवस; शाळा उघडायच्या आधी सगळ्यांना एकदा पाण्यात पाय बुडवून घ्यायचे होते. दार्दोनं छत्री रोवली, दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या, एल्बाच्या डोक्यावर तिची पिवळी टोपी बसवली आणि थर्मासमधलं गरम पाणी माटेच्या, आमच्या कडू पाल्याच्या चहाच्या, भांड्यात ओतलं. एक घोट त्यानं नळीनं ओढला, एक भांडं तिला दिलं.

शेजारच्या छत्रीखाली किल्मेसहून आलेली पोचा नावाची एक बाई होती. आडव्या अंगाची, तोंडाची सैल, मनाची सढळ. तिचा नवरा पोटावर टोपी ठेवून झोपला होता, आणि ती डबे उघडून त्याच्याऐवजी सगळ्या जगाला जेवायला घालत होती.

"अहो शेजारी, हे घ्या, मिलानेसाचा पाव, तळलेल्या मांसाचा. घ्या हो, वाळू लागेल थोडी, पण वाळूशिवाय काय मजा! बाईसाहेब, तुम्हीही घ्या."

"तुमची पोरं किती?" एल्बानं तिला विचारलं.

"तीन. तिघंही नवऱ्यावर गेलीत, झोपाळू."

"माझ्याकडे बावीस आहेत," एल्बा म्हणाली.

पोचानं दार्दोकडे पाहिलं. दार्दो म्हणाला, "बालवाडीत होती ती."

"अगंबाई! बावीस! मी तीन सांभाळून अशी झाले, तुम्ही बावीस सांभाळून अशा सडपातळ कशा?"

एल्बा मनापासून हसली. दार्दोनं ते हसणं पाहिलं. चांगलं हसणं होतं. पूर्वी असं हसणं पाहून त्याच्या छातीत काहीतरी हलायचं, हे त्याला आठवलं. हलायचं ते काय, हे आठवलं नाही.

आता सांगावं, असं तो ठरवत होता. एल्बा, उद्या आपण एका घरी जाणार आहोत. नको. एल्बा, मी दमलोय. तेही नको. तो वाक्य जुळवत होता, तेवढ्यात दक्षिणेकडून, बोटी ओढून ठेवतात त्या बाजूनं, टाळ्या सुरू झाल्या.

पोचा डबा सोडून वाजवू लागली. तिचा नवरा डोळे न उघडता वाजवू लागला. एल्बानं पाव खुर्चीवर ठेवला आणि उठली.

"कुणाचं तरी हरवलंय," ती म्हणाली.

आणि चालायला लागली. टाळ्या वाजवत, टोपी सावरत, छत्र्यांमधून वाट काढत, टाळ्यांच्या दिशेनं. जन्मभर तिनं हेच केलं होतं.

दार्दोनं तिला उठताना पाहिलं. जाताना पाहिलं. हात लांब केला असता तर तिच्या झग्याचं टोक हाताला लागलं असतं. त्यानं हात लांब केला आणि थर्मास उचलला.

टाळ्या लवकरच थांबल्या. पोर मिळालं असावं. तळलेले गोड चुर्रो विकणाऱ्याच्या टोपलीपलीकडे पिवळी टोपी एकदा दिसली, दोनदा दिसली. मग दिसली नाही. दार्दोनं माटे भरला आणि ओढला. कडू लागला की नाही कोण जाणे. समुद्र तपकिरी होता, नेहमीसारखा. एक लाट आली, दुसरी आली. कुणी त्याला काही विचारत नव्हतं. कुणाच्या नाड्या बांधायच्या नव्हत्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर एक अर्धा पाव होता.

मग टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. ह्या खेपेला त्याच बाजूला आणखी लांबून, जीवरक्षकांच्या लाकडी मचाणापासून.

"अजून एक!" पोचा म्हणाली. "आज पोरं काय पंख लावून आलीत का? वाजवा हो शेजारी, हात दुखतात का?" ती वाजवत राहिली. मग तिनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "बाईसाहेब कुठायत?"

"येईल," दार्दो म्हणाला.

त्याला ठाऊक होतं. त्या टाळ्या कुणासाठी वाजताहेत हे सबंध किनाऱ्यावर फक्त त्याला ठाऊक होतं. गाडीची किल्ली त्याच्या विजारीच्या खिशात होती. उठायचं होतं एवढंच. जो माणूस भर पावसात, उशीर झालेला असताना, अनोळखी बायाबापड्यांसाठी दार उघडं धरून बसायचा, तो खुर्चीत बसून होता आणि त्याचे पाय वाळूत होते. उठायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं. उठायचं असंही ठरवलं नव्हतं. टाळ्या कुणाच्या तरी बापाला बोलावत होत्या, आणि तो बाप येईल म्हणून तोही वाट बघत होता.

टाळ्या किती वेळ टिकतात हे ज्यानं कान देऊन ऐकलं आहे त्याला माहीत असतं. आधी सगळे मिळून जोरात. मग एक लय येते. मग कुणाचा हात दुखतो, कुणाला पाणी प्यावंसं वाटतं, एक कोपरा गळतो, दुसरा गळतो. टाळ्या कमी होत नाहीत, विरळ होतात. मधून समुद्र ऐकू यायला लागतो. पोचासुद्धा थांबली. बोटं झटकत म्हणाली, "आले कसे नाहीत अजून? कसले हे आई-बाप!"

तेव्हा दार्दोला ऐकू आलं. विरळ झालेल्या टाळ्यांमधून एक टाळी वेगळी निघाली. पोकळ तळव्याची, खणखणीत, एकसारखी. ती थांबत नव्हती.

तो उठला. धावला नाही. चालत गेला. माणसं बाजूला होऊन वाट देत होती; कुणी पाठीवर थाप मारत होतं, कुणी म्हणत होतं, "आले, आले, हे आले बघा!"

मचाणाखाली दोन दांडग्या तरुणांनी प्लास्टिकची खुर्ची खांद्यावर घेतली होती आणि खुर्चीत एल्बा बसली होती. पिवळी टोपी, मांडीवर कुणीतरी घातलेला टॉवेल, एका पायात चप्पल नाही. एखाद्या महाराणीची मिरवणूक निघावी तशी. आणि महाराणी सगळ्यांहून जोरात टाळ्या वाजवत होती, चहूकडे मान फिरवून गर्दीत आई-बाप शोधत होती.

"तुमच्या का, आजोबा?" जीवरक्षकानं विचारलं. पोरगेलासा, नाकाला पांढरं मलम फासलेला.

"माझी."

खुर्ची खाली आली. लोकांनी शेवटच्या टाळ्या वाजवल्या आणि पांगायला लागले. एल्बा थांबली नाही.

"आजी, झालं. मिळाले," जीवरक्षक म्हणाला.

"कुठे मिळाले? आई कुठाय? आई आल्याशिवाय थांबायचं नसतं, बाळा, एवढंही शिकवलं नाही का तुला?" मग तिची नजर दार्दोवर गेली. "आणि तू काय बघत उभा राहिलायस? वाजव की!"

दार्दोनं टाळ्या वाजवल्या. पांगलेले लोक गोंधळून थांबले. एका बाईनं पुन्हा सुरुवात केली, मग त्या दोन तरुणांनी, मग सगळ्यांनीच. ज्यांचं कुणी हरवलं नव्हतं अशी ती सगळी माणसं, आणि मधे हे दोघं म्हातारे, समोरासमोर, टाळ्या वाजवत. एल्बाचे हात अखेर दमले. ते मांडीवर पडले. तिनं दार्दोकडे नीट निरखून पाहिलं.

"तू बाप का?"

"हो," दार्दो म्हणाला.

ती उठून उभी राहिली. कमरेवर हात ठेवले. "आणि इतका वेळ कुठे होतास?"

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली.

"तिथे. छत्रीखाली."

"झोपला होतास?"

"नाही. जागा होतो."

"ऐकू आलं नाही?"

"आलं."

एल्बानं वाट पाहिली. बालवाडीच्या दारात उशिरा आलेल्या आया काहीतरी सांगायच्या: बस चुकली, मालक सोडेना, धाकट्याला ताप. मग एल्बानं त्याचा गाल ओढला, पापा घेतला आणि म्हणाली, "असू दे. होतं असं."

त्याचे तळहात झिणझिणत होते. त्यानं ते विजारीला पुसले.

छत्रीकडे परत येताना त्यानं चुर्रो घेतले, आणि चालता चालता सांगितलं. वाक्य जुळवलं नाही.

"एल्बा, उद्या मी तुला एका घरी सोडणार आहे. तू तिथे राहणार."

"समुद्र आहे तिथे?"

"नाही. लिंबाचं झाड आहे."

"मग पोहायचे कपडे नकोत बांधायला." तिनं बोटांवरची साखर चाटली. "तू?"

"मी येत जाईन."

"बघ हं. उशीर केलास तर झापीन."

छत्रीपाशी पोचेपर्यंत ती ते विसरली होती. त्यानं पुन्हा सांगितलं. ह्या खेपेला ती थोडी रडली, आणि पोचानं काहीएक न विचारता तिला पोटाशी घेऊन पदरचं टरबूज खाऊ घातलं. संध्याकाळी त्यानं आणखी एकदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं." तो दर वेळी तेच शब्द वापरत होता. कुठल्या खेपेला तिनं खरं ऐकलं हे ठरवायला काही मार्ग नव्हता.

खोलीवर आल्यावर त्यानं रोमिनाला फोन लावला.

"पपा! कशी आहे आई? सांगितलंस?"

"सांगितलं. रोमिना, ती उठून गेली."

"काय? कधी? सापडली ना?"

"सापडली. मी बघत होतो ती जाताना. मी उठलो नाही."

पलीकडे रोमिना खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"टाळ्या वाजत होत्या," तो म्हणाला. "सगळा किनारा वाजवत होता. तरी उठलो नाही. मग उठलो."

"पपा, तू दमलायस."

"हो. आणि दमलेल्या ड्रायव्हरनं बस दुसऱ्याच्या हातात द्यायची असते. रस्त्यात माणसं असतात."

"मी येऊ का तिकडे? रडतोयस का तू?"

"नाही गं," दार्दो म्हणाला, आणि ते खरं होतं.

सोमवारी ते पहाटेच निघाले. एल्बानं दोलोरेसपाशी विचारलं कुठे चाललोय, आणि त्यानं सांगितलं. चास्कोमूसपाशी विचारलं, आणि सांगितलं. तळ्यावर धुकं होतं. तेम्पेर्लेत शिरल्यावर तिनं विचारलं नाही. ती खिडकीतून झाडं बघत होती. तिथे रस्त्यांवर मोठी झाडं आहेत.

वृद्धाश्रम म्हणजे एक जुनं, लांबट, एकमजली घर. पुढे हिरव्या रंगाचं लोखंडी फाटक, फाटकाला बेल. रोमिना आधीच येऊन उभी होती, डोळे सुजलेले, ओठांना मात्र रंग लावलेला. तिनं आईला मिठी मारली.

"तू कोण गं?" एल्बा म्हणाली. "छान आहेस."

दार्दोनं पिशव्या एका हातात घेऊन बेल दाबली. कुणी आलं नाही. पुन्हा दाबली. आत कुठेतरी रेडिओ लागला होता, भांडी वाजत होती. सकाळची गडबड असावी.

"असं काय ते टिचटिच दाबत बसायचं," एल्बा म्हणाली. "हो बाजूला."

ती फाटकाशी गेली, सरळ उभी राहिली आणि टाळ्या वाजवल्या. त्या निजलेल्या गल्लीत तो आवाज पार टोकाच्या घरापर्यंत गेला असेल. समोरच्या गॅलरीतला कुत्रा भुंकायला लागला.

आतला रेडिओ कुणीतरी बंद केला. मग आतून, अंगणाकडून, एक टाळी आली. कापरी, हलकी, कुणा म्हाताऱ्या हाताची. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी, चौथी. आत लिंबाखाली कोवळ्या उन्हाला बसवलेल्या त्या सगळ्या म्हाताऱ्यांनी कधी ना कधी वाळूवर उन्हाळे काढले होते. कोण आलंय, कुठे आलंय, हे त्यांच्यातल्या कित्येकींना ठाऊक नव्हतं. पण टाळ्या वाजल्या की काय करायचं हे हातांना ठाऊक होतं. बघता बघता सगळं अंगण वाजायला लागलं. एक सेविका "काय झालं गं बायांनो, कुणाचा वाढदिवस?" असं म्हणत, हसत, धावत आली आणि तिनं फाटक उघडलं.

एल्बा कान देऊन उभी होती. तिचा चेहरा कामाला निघालेल्या माणसासारखा झाला.

"कुणाचं तरी हरवलंय," ती म्हणाली.

आणि आत गेली. टाळ्या वाजवत, टोपी सावरत, ओसरीवरून, आवाजाच्या दिशेनं. मागे वळून पाहिलं नाही. पोर हरवलेलं असताना कोण मागे बघतं? ओसरीच्या टोकाला तिची पिवळी टोपी उन्हात गेली, आणि अंगणातल्या टाळ्यांत तिची टाळी मिसळली. पोकळ तळव्याची, खणखणीत. ती वेगळी ओळखू येत होती.

रोमिना रडत होती आणि टाळ्या वाजवत होती.

"पपा," ती म्हणाली, "वाजव ना."

दार्दोच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. एकीत एल्बाचे कपडे, दुसरीत बूट आणि तो माटेचा सरंजाम. तो पिशव्या घेऊन फाटकात उभा राहिला आणि आतून कुणी "इतका वेळ कुठे होतास?" असं विचारतंय का, ते ऐकत राहिला. टाळ्या अजून विरळ झाल्या नव्हत्या. मग त्यानं पिशव्या पायरीवर ठेवल्या.